सावळीरामच्या पोटातली टकटक

नाशिकच्या पेठ रोडवरच्या जकात नाक्यावर सावळीराम गांगुर्डे नावाचा एक कारकून होता. डोंगरातून येणारी नागलीची पोती, आंब्याच्या पाट्या, बांबूच्या गाड्या अडवायच्या, माल बघायचा आणि पावती फाडायची, हे त्याचं काम. माणूस उंच, आवाज पलटणीतला, आणि उजवा पाय जरासा ओढत चालायची ढब. त्या पायाबद्दल कुणी विचारलं की स्वारी खूश. न विचारणाऱ्याला तो आपणहून सांगे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर त्याच्या मांडीत बॉम्बचा तुकडा घुसला होता. पाय काळानिळा पडला. लष्करी इस्पितळातला गोरा डॉक्टर पाय कापायच्या विचारात होता. पण कापण्याआधी त्याने मांडीतल्या रक्तवाहिनीत दुधासारखं दिसणारं एक औषध टोचलं आणि एक्स-रे काढला. औषध जाईल तिथवरच्या रक्तवाहिन्या फोटोत झाडाच्या फांद्यांसारख्या उमटल्या. रक्त थेट घोट्यापर्यंत पोचत होतं. पाय वाचला. शेजारच्या खाटेवर सायखेड्याकडचा झुंबर साळवे होता; त्याचा हातही त्याच औषधामुळे शाबूत राहिला. दोघांनी त्या डॉक्टरला कडक सलाम ठोकला, आणि पुढची कितीतरी वर्षं सावळीराम त्या पांढऱ्या औषधाचे गुण गात राहिला.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत त्याला खोकला धरला. क्षयाची शंका नको म्हणून त्याने छातीचा फोटो काढून घेतला. फोटो धुऊन आल्यावर एक्स-रेवाला बाहेर आला तो वैतागलेलाच.

"काका, ताईत-बिईत काढून ठेवा म्हटलं होतं ना?"

"आम्ही बौद्ध. ताईत-गंडे छप्पन सालीच गोदावरीत सोडले," सावळीराम ताठ होऊन म्हणाला.

"मग कमरेला काय आहे?"

"करदोटा. सुताचा."

तो करदोटाही काढायला लावून दुसरा फोटो घेतला. पुन्हा तेच. बरगड्यांच्या खाली, उजवीकडे आणि डावीकडे, आतून कुणी चुना फासावा तसं पांढरंशुभ्र. खोकल्याचं निदान साधंच निघालं, काढा घेऊन तो आठवड्यात गेला. फोटो मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत मुंबईला पोचला.

महिन्याभराने पेठ रोडच्या वसाहतीत एक जीप आली. कुटुंबनियोजनवाले समजून दोघे-तिघे गडी मागच्या दाराने सटकले. जीपमधून उतरले डॉक्टर वाल्मीक अहिरराव. मूळचे बागलाणातले, आता मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होते. शरीरात गेलेल्या किरणोत्सर्गी पदार्थांचं पुढे काय होतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सावळीरामने त्यांना खाटेवर बसवलं, आणि पायाची गोष्ट सुरू करणार तोच डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला कधी पांढरं औषध टोचलं होतं का?"

सावळीरामला भरून आलं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्या औषधाची आपण होऊन चौकशी केली होती. त्याने सगळं साग्रसंगीत सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मग शब्द जुळवत जुळवत म्हणाले, "गांगुर्डे, ते औषध म्हणजे थोरियम नावाच्या धातूच्या ऑक्साईडचे बारीक कण. एक्स-रेमध्ये फार सुंदर दिसतात. पण शरीर ते बाहेर टाकत नाही. यकृत आणि प्लीहा त्यांना धरून ठेवतात. आणि ते कण आत बसून सतत किरण सोडतात."

"अजून?"

"अजून. तुमच्यानंतरही कित्येक पिढ्या सोडत राहतील."

"मग टोचायच्या आधी कुणी तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं ना. टोचल्यावर कुणाला उलटी झाली नाही, ताप आला नाही, अंगावर पित्त उठलं नाही. म्हणून निर्धोक ठरवलं. बहुतेकांचं जे बिघडलं ते वीस-तीस वर्षांनी. यकृतात गाठ येते. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना."

सावळीरामची बायको नवसाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "मंजे औषध चांगलं होतं, फक्त मानूस लवकर मरत नाय म्हनून बोंब झाली."

डॉक्टरांनी पिशवीतून किरण मोजायची एक पेटी काढली. तिला नळीसारखं काहीतरी तारेने जोडलेलं होतं. सावळीरामचा सदरा वर करून त्यांनी ती नळी बरगडीखाली धरली, आणि पेटीतून आवाज येऊ लागला. टक. टकटक. टक. शेजारचा मल्हारी खिडकीत उभा होता. त्याने तो आवाज ऐकला आणि डॉक्टर वसाहतीतून बाहेर पडायच्या आत बातमी नाक्यापर्यंत पोचली: गांगुर्डेच्या पोटात घड्याळ आहे.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "त्या इस्पितळात हे औषध आणखी कुणाला टोचलं होतं, आठवतं?"

"आमचा झुंबर होता. झुंबर साळवे. पण तो गेला तीन-चार वर्षांपूर्वी."

"कशाने?"

"पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. दारूने गेला म्हणतात."

"अच्छा, दारू," डॉक्टर म्हणाले. "मग आपल्या अभ्यासात त्यांना धरता येणार नाही." आणि तो विषय तिथेच संपला.

दर वर्षी येऊन तपासतो, असं सांगून डॉक्टर गेले. सावळीरामने हिशेब केला: वीस-तीस वर्षांनी गाठ येते म्हणाले आणि आपली तर तीस झाली. तो पलटणीतला गडी. हुकूम आला की सामान बांधायचं, एवढं त्याला ठाऊक. त्याने मरायची तयारी सुरू केली.

पहिल्यांदा तो सायखेड्याला थोरला भाऊ मोतीराम याच्याकडे गेला. विहिरीच्या पाळीवरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. "दादा, मी आता काही दिवसांचा सोबती. विहीर तुलाच राहू दे," म्हणून त्याने पाय धरले. मोतीराम धाय मोकलून रडला, कोंबडं कापलं, आणि विहीर ठेवून घेतली. मग सावळीरामने नाक्यावरच्या साहेबाला गाठलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. साहेब आळशी आहे, कानाचा हलका आहे आणि त्याला गुणाकार येत नाही. मरणाऱ्या माणसाशी काय भांडायचं म्हणून साहेब गप्प बसला. सायकल मल्हारीला देऊन टाकली. सगळं आवरून सावळीराम खाटेवर पडला आणि वाट बघू लागला.

काहीच झालं नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टर आले. रक्त उत्तम, यकृत ठीक, पोटात टकटक चालू. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मोतीराम लोकांत म्हणू लागला, "मरतो म्हणून पाय धरून गेला, आता बघा, पाटावर जेवून जातो." नाक्यावरच्या साहेबाची बदली होईना आणि सावळीरामला मरण येईना; निवृत्त होईपर्यंत त्याला त्याच साहेबाच्या हाताखाली, दर उन्हाळ्यात उन्हातल्या चौकीवर उभं राहून दिवस काढावे लागले, तेही सायकलवाचून. मल्हारीने सायकलला नवी घंटा बसवली होती, आणि तिचा आवाज सावळीरामला पोटातल्या टकटकीपेक्षा जास्त छळायचा.

डॉक्टरांशी मात्र त्याची दोस्ती जमली. दर हिवाळ्यात ते यायचे, नवसाबाईच्या हातची भाकरी आणि ठेचा खायचे. माजी सैनिकांच्या कँटीनची रम सावळीराम संध्याकाळी दोन बोटं घ्यायचाच, ती डॉक्टर नको म्हणायचे आणि म्हणायचे, "गांगुर्डे, यकृताला जपा हो." सावळीराम म्हणायचा, "साहेब, त्यात तोफगोळा बसलाय, त्याला दोन बोटांचं काय कौतुक?" डॉक्टरांच्या अभ्यासातली बाकीची माणसं एकेक करून गेली होती. सावळीराम तेवढा उरला. तो ठणठणीत आहे याचा त्यांना आनंदही व्हायचा आणि मनातून जरा पंचाईतही.

शहाऐंशी साली डॉक्टर निवृत्तीला आले असताना नाशिकच्या डॉक्टर मंडळींनी एक चर्चासत्र भरवलं. परदेशात चुंबकावर चालणारं नवं यंत्र निघालं होतं. एक्स-रे नाही, किरण नाहीत, तरी पोटातलं सगळं दाखवायचं. त्यात यकृत नीट उठून दिसावं म्हणून एका परदेशी कंपनीने लोहाच्या ऑक्साईडचे अतिसूक्ष्म कण तयार केले होते. सशांना टोचून तीन महिने बघितलं, ससे मजेत होते. तसलं यंत्र नाशिकमध्ये कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण औषध किती निर्धोक आहे यावर बोलायला कंपनीचा टायवाला तरुण मुंबईहून आला होता.

अहिररावांना बोलायचं होतं ते वेगळंच. "लोह म्हणजे थोरियम नव्हे, मान्य," ते सावळीरामला म्हणाले. "लोह शरीराला माहीत आहे, शरीर ते वापरूनही टाकेल कदाचित. पण कण यकृतात किती वर्षं राहतो, हे तीन महिन्यांत कसं कळणार? मला त्यांना दाखवायचंय की असली गोष्ट तीस वर्षांनी काय करते. तुम्ही याल?"

सावळीराम आला. त्याने कडक इस्त्रीचा कोट घातला, छातीवर पदकं लावली, मिशीला तेल लावलं. चौसष्टावं वर्ष लागलेलं, पण पाठ ताठ आणि गालांवर चकाकी. दारातच डॉक्टरांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आजच एवढे तरतरीत कशाला दिसताय?"

"साहेब, तुमची इज्जत राखायला नको?"

सभागृहात शंभरेक डॉक्टर होते. त्यातले निम्मे पोट सुटलेले, काही झोपलेले. अहिररावांनी थोरियमची गोष्ट सांगितली, परदेशातल्या रुग्णांचे आकडे सांगितले, आणि म्हणाले, "त्या औषधाचा एक बळी आज आपल्यासमोर आहे." सावळीराम व्यासपीठावर चढला आणि असा सलाम ठोकला की झोपलेले जागे झाले. टाळ्या पडल्या.

टायवाला तरुण उठला. "काका, तब्येत कशी आहे?"

"एकदम फस्क्लास."

"त्या औषधाबद्दल काही तक्रार?"

"तक्रार कसली? माझा पाय राखला त्यानं."

सभेत हशा पिकला. तरुण हसून म्हणाला, "थोरियमने ज्यांचे हे हाल केलेत, त्यांचं लोहाने काय वाईट होणार?" पुन्हा हशा. मग तो सहज म्हणाला, "तुमच्याबरोबर टोचलेल्या कुणाला काही झालं का?"

"एक होता झुंबर. तो गेला. पण तो आपला दारूनं गेला."

हे वाक्य त्याने आजवर कितीतरी वेळा उच्चारलं होतं. पण माईकमधून ते केवढं तरी मोठं होऊन भिंतीवर आपटलं आणि त्याच्याच कानावर परत आलं. झुंबर आणि दारू? पलटणीत संध्याकाळी रमचं रेशन वाटलं जायचं. झुंबरला नुसत्या वासाने मळमळायचं. त्याचा मग रोज कोण रिकामा करायचं? सावळीराम. पावणेदोन वर्षं झुंबरच्या वाटची रम सावळीरामच प्यायला होता.

"थांबा," तो म्हणाला. "चुकलं. झुंबर पीत नव्हता. त्याची मी प्यायचो. मला काही झालं नाही आणि तो गेला, पोट फुगून, पिवळा होऊन. मी इथं उभा आहे कारण मी जगलो. जे गेले त्यांना तुम्ही इथं कसं बोलावणार? अहो, मला बघून ठरवू नका..."

पण मागची दारं उघडली होती आणि गरम पुऱ्यांचा वास आत आला होता. खुर्च्या सरकू लागल्या. अध्यक्ष घाईने माईककडे आले, सावळीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या दिवंगत मित्राला वाहिलेली ही श्रद्धांजली हृद्य होती. जेवणानंतर पुन्हा भेटू." टायवाल्याने सावळीरामला स्वतः ताट वाढून आणून दिलं. त्याला हा म्हातारा मनापासून आवडला होता.

सावळीराम जेवला नाही. अहिररावही जेवले नाहीत. दोघे बाहेर पायरीवर बसले.

"त्यांना अभ्यासातून मीच काढलं," डॉक्टर म्हणाले. "दारू म्हटल्यावर पुढे एक प्रश्न विचारला नाही."

"आणि दारू मी सांगितली. लोक म्हणत होते, मी म्हटलं," सावळीराम म्हणाला. "त्याची बायको आहे अजून. मालनबाई."

रविवारी दोघे डॉक्टरांच्या गाडीतून गेले. सायखेड्याच्या पुढे, गोदाकाठच्या वस्तीवर मालनबाईचं घर. ती ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. दुसऱ्याच्या मळ्यातली मेथी, बाजारासाठी.

"जयभीम, वहिनी. मी सावळीराम. झुंबरच्या पलटणीतला."

"जयभीम. वळखलं," ती म्हणाली, पण हात थांबवले नाहीत.

सावळीरामने सगळं सांगितलं. पांढरं औषध, ते कण, यकृतातली गाठ. सांगताना त्याचा पलटणीतला आवाज कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही. डॉक्टर मधेमधे म्हणत होते, "अर्थात खात्रीने सांगता येणार नाही... तपासणी झाली नव्हती... शक्यता मात्र..." मालनबाई त्यांच्याकडे बघतही नव्हती.

"म्या समद्यांना सांगत व्हते, ते पीत नाय," ती म्हणाली. "कोनी मानलं नाय. दीर म्हनला, पोट काय उगंच फुगतं? मंग मलाच वाटाया लागलं, चोरून पीत आसतील. म्या घरातलं मडकं न् मडकं हुंगून पाह्यलं. शेवटाला त्यांनी पानी मागितलं तर म्या म्हनले, आदी बाटली कुठं लपवली ती सांगा." जुडीची दोरी तिने दोनदा गुंडाळली, मग सोडली. "इतकी वर्सं तुमी कुठं व्हते, भावजी?"

तिने चहा विचारला नाही. मेथीची पाटी बाजूला सारली आणि उभी राहिली.

"आता हे इथंच सांगून चालायचं नाय. चला."

विहारापुढे संध्याकाळच्या वंदनेला माणसं जमली होती. झुंबरचा भाऊही होता, आता पार थकलेला. मालनबाईने सावळीरामला पायरीवर उभं केलं. इथे माईक नव्हता, पुऱ्या नव्हत्या, कुणाला घाई नव्हती. सावळीरामने सांगितलं: झुंबर साळवेने आयुष्यात दारूला तोंड लावलं नाही, त्याच्या वाटची मी प्यायलो, आणि तो मेला तो लढाईतल्या औषधाने मेला. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मुंबईचा डॉक्टर, चष्मेवाला. तो म्हणेल ते खरं.

डॉक्टर अहिरराव जन्मभर 'शक्यता' आणि 'बहुधा' याशिवाय बोलले नव्हते. झुंबरची ना तपासणी झालेली, ना फोटो. शरीरही कधीच जाळून टाकलेलं. त्यांनी चष्मा पुसला.

"होय," ते म्हणाले. "औषधानेच."

झुंबरचा भाऊ उठला, मालनबाईपाशी आला, तिच्यापुढे हात जोडले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. मालनबाई पदर तोंडात धरून पायरीवर बसली. मग तिने चहा टाकायला सांगितलं, सगळ्यांसाठी.

त्यानंतर दोन वर्षांनी सावळीरामचे डोळे पिवळे झाले. इतक्या वर्षांत वसाहतीने त्याच्या मरणाची आशाच सोडून दिली होती, त्यामुळे सगळ्यांना धक्का बसला. मोतीराम सायखेड्याहून आला, उशाशी बसला आणि म्हणाला, "अरे, विहिरीत तुझाही हिस्सा आहे." सावळीराम म्हणाला, "आता सांगतोस होय?" आणि हसला. मल्हारी सायकल घेऊन औषधांसाठी गावभर पळत होता. डॉक्टर अहिरराव आले, पण पेटी घेऊन नाही. रोज बसून राहायचे. काय झालंय, असं कुणी विचारलं तर त्यांना नीट सांगता यायचं नाही. थोरियम होतं तसं रमही होती, दोन बोटं, चाळीस वर्षं. कुणी काय केलं हे ठरवायला त्यांच्या शास्त्रापाशी साधन नव्हतं.

लोकांना तो प्रश्नच पडला नाही. सावळीराम गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला वसाहत जमली तेव्हा जो तो हळहळत होता: इंग्रजाच्या औषधाने घात केला, एवढा निरोगी माणूस, कसलं व्यसन नाही. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर पेला घेऊन बसणारेही हेच म्हणत होते. मालनबाई वस्तीवरून आली होती, नवसाबाईला आधार म्हणून आठवडाभर राहिली होती. तीही ठामपणे सांगत होती, "औषधानंच गेले. आमचे बी तसेच गेले."

माणसं पांगल्यावर नवसाबाई तिच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, खरं सांगू? ते प्यायचे बी."

"मला ठावं हाय," मालनबाई म्हणाली. "आसू द्या."

आणि दोघी उरलेली भांडी घासायला उठल्या.